मुदत संपलेले अकरा कॅन

निवृत्त माणसाला लग्नाच्या पंगतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. आपण कुठे होतात? इंदुरात पोलोग्राउंडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत स्टोअरकीपर होतो, असं मी सांगितलं की समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणून पुन्हा श्रीखंडाकडे वळतो. पण शेवटची काही वर्षं माझं मुख्य काम यूरिया सांभाळण्याचं होतं, असं म्हटलं की त्याचा चमचा थांबतो. ट्रकच्या कंपनीत यूरिया कशाला? मग शेजारी बसलेला कुणीतरी आवाज खाली आणून विचारतो, "ते खरंच मूत्रापासून करतात का हो?" करत नाहीत. कारखान्यात करतात. मी हे इतक्या लग्नांत सांगितलं आहे की आता मी तोंड उघडायच्या आत आमची ही ताटावरून उठते.

इथेही आधी तेच सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नव्या ट्रकांना दोन टाक्या असतात. एक डिझेलची, आणि तिच्या शेजारी निळ्या झाकणाची एक लहान टाकी. त्या लहान टाकीत यूरिया विरघळवलेलं पाणी भरतात. कागदोपत्री त्याचं नाव डीईएफ, ड्रायव्हर लोकांच्या तोंडी नुसतं यूरिया. एक भाग यूरिया, दोन भाग अतिशुद्ध पाणी. रंग नाही, ताजं असेल तर वासही जवळजवळ नाही. इंजिनातून गरम धूर निघाला की वाटेत त्याच्यावर हे पाणी फवारलं जातं, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो, आणि तो अमोनिया सायलेन्सरमधल्या जाळीत धुरातला विषारी वायू मोडून टाकतो. लहान टाकी रिकामी झाली की ट्रक आधी दिवे लावून तक्रार करतो, मग त्याचा दम जातो, आणि एकदा बंद केला की परत सुरू होत नाही. त्यामुळे सकाळी माझ्या खिडकीसमोर ड्रायव्हरांची रांग लागायची आणि मी वीस-वीस लिटरचे पांढरे कॅन देत बसायचो.

देताना माझं भाषण ठरलेलं असे. यात पाणी घालू नका, डिझेलचं नरसाळं वापरू नका, झाकण उघडं ठेवू नका. ड्रायव्हर माना हलवायचे आणि बाहेर जाऊन हवं तेच करायचे. भेरूलाल म्हणून आमचा एक जुना ड्रायव्हर होता. त्याचा ट्रक खंडव्याच्या रस्त्यावर बंद पडला आणि ओढून आणावा लागला. लहान टाकीतलं पाणी काढून बघितलं तर त्यात यूरिया नावालाच होता. मी विचारलं, "नळ का पानी डाला क्या?"

भेरूलालला अपमान वाटला. "नळ का क्यों डालूंगा साब? ओंकारेश्वर से भरके लाया हूं. नर्मदा मैया का पानी है, इससे शुद्ध क्या मिलेगा?"

अख्खं इंदूर नर्मदेच्या पाण्यावर जगतं, त्यामुळे मला हसताही येईना आणि रागावताही येईना. शेवटी मी त्याला बाकावर बसवून समजावलं, की आपल्या पोटाला जे पाणी चालतं ते या जाळीला चालत नाही, पाण्यातले क्षार तिच्यात बसतात आणि जाळी कायमची जाते. त्यानंतर तो दर वेळी कॅन नेताना माझ्या खिडकीला हात लावून नमस्कार करायचा. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

दुसरी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही, ती म्हणजे या पाण्यालाही मुदत असते. तीस डिग्रीच्या आत ठेवलं तर ते वर्षभर टिकतं. पस्तीसपर्यंत गेलं की मुदत सहा महिन्यांवर येते, आणि त्याच्याही वर गेलं की किती ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आमच्या स्टोअरवर पत्रे होते. वैशाखात आत शिरलं की चष्म्याची दांडी कानाला चटका द्यायची. मी पत्र्यांना दर वर्षी चुना लावून घ्यायचो, दुपारी गोणपाटं भिजवून टाकायचो. तरीही जुना झालेला कॅन ओळखू यायचा. झाकणाच्या कडेला पांढरे खडे जमतात, आणि उघडला की अमोनिया नाकात असा शिरतो की डोळ्यांतून पाणी येतं. शंका असेल तर रिफ्रॅक्टोमीटर नावाची एक वीतभर दुर्बीण असते. तिच्या काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे धरायची. आतली निळी रेघ ठरलेल्या आकड्यावर असली तर माल चांगला.

मुदतीच्या मालाचा एकच नियम असतो, आधी आलेला माल आधी बाहेर. मी तो स्टोअरच्या भिंतीवर रंगवून घेतला होता, "पहले आया, पहले जाएगा." आमचे हमाल म्हणायचे, ये तो शमशान में लिखना चाहिए साब. त्यांना हसू दे, पण उभ्या नोकरीत माझ्या स्टोअरमध्ये एकही वस्तू मुदतबाह्य होऊन पडली नव्हती. ग्रीस नाही, ब्रेक ऑइल नाही, यूरिया नाही. ही फुशारकी मी मालकांसमोर मारत असे, तपासणीला येणाऱ्यांसमोर मारत असे, आणि घरी जावयासमोरही मारत असे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. फाल्गुनात बाजारात बातमी पसरली की यूरियाचा तुटवडा होणार. मालकांनी घाईने दोन गाड्या भरून माल मागवला. गाड्या आल्या तेव्हा संध्याकाळ होत आली होती, हमाल थकले होते, मलाही घरी जायचं होतं. जुने कॅन पुढे ओढून नवे मागे लावायचे, तेवढंच काम होतं. मी म्हटलं, "अभी आगे लगा दो, बाद में देखेंगे." ते 'बाद में' आलंच नाही. तुटवडाही आला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा निम्मा सरला, आणि भाद्रपदात ताडपत्र्या काढताना त्यांच्यामागे भिंतीला टेकलेले अकरा कॅन निघाले. झाकणांवर पांढरी बुरशी धरावी तसे खडे. मी एक उघडला आणि तोंड फिरवलं. दुर्बिणीत रेघ नको तिथे होती.

अशा मालाचं काय करायचं याची रीत साधी आहे. वर कळवायचं, मालकांची सही घ्यायची, आणि परवानाधारक कचरा नेणाऱ्या गाडीला कागद करून द्यायचा. आमचे मालक रागीट नव्हते. सही करायला त्यांना दोन मिनिटं लागली असती आणि तिसऱ्या मिनिटाला ते हसून म्हणाले असते, "क्यूं दिघेजी, आपके यहां भी?" तेवढंच. पण ते 'आपके यहां भी' मला ऐकायचं नव्हतं. निरोप समारंभात माझ्याबद्दल काय बोललं जाणार हे मला पाठ होतं, आणि त्या भाषणाला मला चरा पडू द्यायचा नव्हता.

गटारात ओतायची सोय नव्हती. इंदूरमध्ये आता केळीची साल चुकीच्या डब्यात टाकली तर कचरागाडीवरची बाई गाडी थांबवून विचारते, "अंकल, ये किसमें डाला?" नाल्यात अकरा कॅन ओतताना मला कुणी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी शहरभर झालं असतं. मी आठवडाभर ते कॅन पुन्हा ताडपत्रीखाली झाकून ठेवले. मग अनंत चतुर्दशी जवळ आली आणि मला आमचा गणपती आठवला.

आमचं मराठी मंडळ जुन्या इंदुरात आहे, फार मोठं नाही, सत्तर-ऐंशी घरं. मिलमध्ये, रेल्वेत, शाळांत नोकरीला म्हणून ज्यांचे आजे-पणजे इथे आले, ती घरं. आमचा गणपती नदीत जात नाही. मंडळाच्या आवारात सिमेंटचा हौद आहे, त्यात विसर्जन होतं. मूर्ती निव्वळ मातीची असते, दोन-तीन दिवसांत विरघळते, आणि मग प्रत्येक घराने बादली आणून ते मातीचं पाणी न्यायचं आणि आपल्या झाडांना घालायचं, अशी पद्धत आहे. पहिलं पाणी तुळशीला. ही पद्धत कुमुदताईंनी पाडली. मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळाच्या अध्यक्षा आणि मंडळाच्या या वार्षिक अंकाच्या संपादिका. साठीच्या माणसालाही त्या 'अरे तू' म्हणतात आणि साठीचा माणूस सरळ उभा राहतो.

यूरिया म्हणजे खत. बाप्पाचं पाणी झाडांनाच जायचं आहे. मग त्यात खत मिसळलं तर वाईट काय? असा विचार मी केला. केला म्हणजे स्वतःला दोन दिवस पढवला. हौद भरायचं काम मी मागून घेतलं. चतुर्दशीच्या दुपारी सगळे मिरवणुकीच्या आणि रात्रीच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या, तयारीत होते, तेव्हा लोडिंग रिक्षातून अकरा कॅन आणून मी हौदात रिकामे केले आणि वरून नळाचं पाणी सोडलं. रिक्षावाल्याने विचारलं, "क्या है भिया ये?" मी म्हटलं, "खाद है." मोकळे कॅन परत स्टोअरमध्ये नेऊन ठेवले. त्या संध्याकाळी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी दोनदा प्रसाद घेतला.

तिसऱ्या दिवशी बादल्या घेऊन घरं आली. हौदावरचं झाकण काढलं आणि पुढच्या दोन बायका पदर नाकाला लावून मागे झाल्या. कुमुदताई हौदापाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "श्रीकांत, हा वास कसला रे?"

त्या प्रश्नाला खरं उत्तर देता आलं असतं. सगळं पाणी फेकून द्यावं लागलं असतं, मला बोलणी बसली असती, आणि संध्याकाळपर्यंत लोक विसरले असते. मी म्हणालो, "रंगाचा असेल ताई. रामगोपालजींनी या वेळी रंग बदललेत बहुतेक."

रामगोपालजी आमचे मूर्तिकार. बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत त्यांचं घर. पंचवीस वर्षं आमची मूर्ती त्यांच्याच हातची. पिवळी माती ते स्वतः चाळायचे, रंग गेरू, हळद, काजळ आणि चुना यांचे. त्यांनी काही बदललं नव्हतं. माझ्या तोंडून ते नाव का आलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ते तिथे नव्हते, एवढंच उत्तर सापडतं.

ताई म्हणाल्या, "असेल." आणि पहिली बादली त्यांनीच भरली. त्यांचे यजमान अण्णासाहेब त्या वेळी छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते. ताईंनी एरवीपेक्षा जास्त पाणी नेलं आणि तुळशीला दोन दिवस घातलं.

आठवड्याभरात आमच्या गल्लीत एकही तुळस जिवंत राहिली नाही. आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग पानं कुस्करल्यासारखी गळली. मोगरे गेले, जास्वंदी गेल्या. एकीची तीस कुंड्यांची गच्ची गेली. आमच्या घरची तुळसही गेली, कारण आमच्या हिनेही श्रद्धेने पाणी आणलं होतं आणि मी तिला नको म्हणू शकलो नव्हतो. तुळस वाळण्याचा लोक काय अर्थ लावतात ते सांगायला नको. मंडळात कुजबुज सुरू झाली आणि मग कुणीतरी माझंच वाक्य माझ्यासमोर आणून ठेवलं. रंगात केमिकल होतं.

मंडळाने रामगोपालजींना बैठकीला बोलावलं. ते एकटे आले, धुतलेला कुर्ता घालून, खांद्याला कापडी पिशवी. सत्तरीचा माणूस, बोटांच्या पेरांत माती कायमची बसलेली. ताईंनी शांतपणे विचारलं, "रामगोपालजी, मिट्टी में या रंग में इस बार कुछ अलग था क्या?"

"कुछ अलग नहीं था बहनजी."

"फिर सबके पौधे कैसे जल गए?"

त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा काढला. म्हणाले, "ये उसी ढेर की मिट्टी है." मग कागदाच्या पुड्या काढल्या, चिमूटभर गेरू, चिमूटभर हळद त्या मातीवर टाकली, आणि तिचा सुपारीएवढा तुकडा तोडून तोंडात घातला. आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी तो चावला आणि गिळला. ते थोडा वेळ थांबले. मग त्यांनी दुसरा तुकडा तोडला आणि तोही खाल्ला. दातांखाली रेती वाजल्याचं मला ऐकू आलं, मी त्यांच्यापासून चौथ्या खुर्चीवर होतो. मी सतरंजीकडे बघत होतो.

कुणीतरी पाणी आणून दिलं. ते पाणी पिऊन, सगळ्यांना हात जोडून ते गेले. त्यानंतर आम्ही ठरवलं की त्यांच्या शब्दावर अविश्वास नाही, पण लोकांच्या मनात शंका आहे, तेव्हा पुढल्या वर्षी मूर्ती दुसरीकडून घ्यावी. हात वर करायला सांगितलं तेव्हा मीही हात वर केला.

अण्णासाहेब मार्गशीर्षात गेले. तेराव्याला मी ताईंना भेटायला गेलो, तेव्हा त्या दारातल्या वृंदावनाकडे बघत म्हणाल्या, "तुळशीनं आधीच सांगितलं होतं रे. मलाच कळलं नाही." मी "असं काही नसतं ताई" एवढं म्हणून चहा प्यायलो. पुढे माझा निरोप समारंभ झाला. मालकांनी शाल घातली, नारळ दिला, आणि म्हणाले, दिघेजी के स्टोअर में आज तक एक चीज खराब नहीं हुई. टाळ्या वाजल्या. मला जे भाषण हवं होतं ते शब्दन् शब्द मिळालं, आणि माझी मान वर होईना. लोकांना वाटलं मी गहिवरलो.

घरी बसल्यावर हे जास्त त्रास देऊ लागलं. नोकरीत निदान दिवसभर कॅन, ड्रायव्हर, पावत्या असायच्या. दोन वर्षं मी बडा गणपतीच्या बाजूला जाणंच टाळलं, भाजीलासुद्धा दुसरीकडे जात असे. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी बायकोला काही न सांगता उठलो आणि रामगोपालजींच्या घरी गेलो. ते अंगणात बसून चहाचे मातीचे कुल्हड उन्हात मांडत होते. मूर्ती बंद केल्या होत्या. आमच्या मंडळाचं ऐकून आणखी दोन मंडळं गेली, आणि मुलगा ई-रिक्षा चालवायला लागला. त्यांनी मला ओळखलं, खाट पुढे केली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अकरा कॅन, हौद, रंगाचं वाक्य.

त्यांनी हातातला कुल्हड खाली ठेवला. म्हणाले, "मालूम है."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"मेरा जंवाई ट्रक चलाता है साब. यूरिया की खाली केनें घर आती हैं, अपन उन्हीं में पानी भरते हैं. वो बास मैं नींद में पहचान लूं. मीटिंग के पहले आके मैंने हौद सूंघ लिया था. और यूरिया का स्टोर किसके पास है, ये तो पूरा मोहल्ला जाने."

मी विचारलं, "फिर बोले क्यूं नहीं?"

"मैं बोलता तो कौन मानता? आप बोलते तो सब मानते." त्यांनी कुल्हड पुन्हा उचलला. "पहला टुकड़ा मैंने उन लोगों के वास्ते खाया था. दूसरा आपके वास्ते. सोचा, आदमी डरा हुआ है, थोड़ा टाइम मिल जाए तो बोल देगा."

मी खाली बसलो, खाटेवर नाही, जमिनीवर. मी म्हटलं की मंडळात जाऊन सांगतो, तुमचं काम परत मिळवून देतो. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं थरथरत होती. म्हणाले, "अब सूंड नहीं बनती साब. मेरे वास्ते मत बोलो. बहनजी को बोलो. दिवाली पे दिए लेने आई थीं. बोल रही थीं, तुलसी उनके घर का बताके गई. इत्ती पढ़ी-लिखी बाई, और ये बोझा लेके घूम रही है."

त्याच दुपारी मी ताईंकडे गेलो असतो तर बरं झालं असतं. मला आणखी तीन आठवडे लागले. गेलो तेव्हा त्या जेवणाच्या टेबलावर याच अंकाचे कागद पसरून बसल्या होत्या. मी सांगत असताना त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ती तुळस तुझ्या पाण्याने गेली."

"हो ताई."

"ह्यांचं काही नव्हतं त्यात."

"नाही."

त्यांनी चष्मा काढला. "ह्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं ना, त्याच्या आदल्या दिवशी मी वाळलेली तुळस उपटून नवी आणून लावली. बघतील आणि मनाला लावून घेतील म्हणून. आल्याबरोबर म्हणाले, ही आपली नाही. मी म्हटलं, आपलीच आहे, छाटली म्हणून वेगळी दिसतेय. बावन्न वर्षांत त्यांच्याशी तेवढं एकच खोटं बोलले. त्यांना कळलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण नंतर वृंदावनाकडच्या त्या खिडकीत बसणं त्यांनी सोडलं." मग त्या म्हणाल्या, "तीन वर्षं होत आली, श्रीकांत. तू या घरात चहा पिऊन जात होतास."

मी माफी मागितली, पण ती त्यांनी घेतली की नाही, मला माहीत नाही. मग त्यांनी कागद नीट केले आणि म्हणाल्या, "सगळ्यांच्या तुळशी गेल्यात, सगळ्यांनी हात वर केलेत. तेव्हा सगळ्यांना सांग. लिहून आण, अंकात घेऊ."

मी लिहून नेलं. तुम्ही आतापर्यंत वाचलं तेच, थोडं लांबलचक. पण त्यात एक गोष्ट मी लिहिली नव्हती, आणि तोंडीही कुणाला सांगितली नव्हती. ताईंनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला, "तुला खरंच वाटलं होतं की झाडांना चांगलं होईल?" मुख्याध्यापिकेने असं विचारल्यावर जे होतं ते झालं, मी ती गोष्ट सांगून टाकली.

त्याच वर्षीच्या श्रावणात, म्हणजे हौदाच्या महिनाभर आधी, स्टोअरच्या मागे एक फुटका कॅन गळला होता. तिथे दूर्वा होत्या. आमचे हमाल गणपतीसाठी तिथूनच जुड्या बांधून न्यायचे. चार दिवसांत तो तुकडा पिवळा पडला आणि मेला. मी तो पाहिला होता. कुणी विचारू नये म्हणून त्यावर वाळू टाकायला मीच सांगितलं होतं. कॅनवर छापलेलं असतं की हे जमिनीत आणि पाण्यात जाऊ देऊ नका, आणि ती ओळ तर मी ड्रायव्हरांना रोज वाचून दाखवत असे. अकरा कॅन हौदात ओतताना मला हे सगळं ठाऊक होतं. वरून नळाचं पाणी सोडलं आहे, तेवढ्याने भागेल, अशी आशा होती, एवढंच.

ताईंनी ऐकलं आणि लाल पेन उचललं. माझ्या मसुद्यात हौदाच्या वाक्यात मी लिहिलं होतं, "अकरा कॅन आणून मी अजाणतेपणी हौदात रिकामे केले." त्यातला एक शब्द त्यांनी खोडला, कागद माझ्याकडे सरकवला, आणि म्हणाल्या, "आता ठीक आहे. आता छापते."